ट्यूबा घ्यायचा कोणता आणि त्यातले पाणी काढायचे कसे?

प्रश्न : आमच्या ब्रास बँडसाठी ट्यूबा (खर्जातले, फुंकून वाजवायचे मोठे पितळी वाद्य) घ्यायचा आहे; तीन पिस्टनचा (स्वर बदलण्यासाठी दाबायच्या कळांचा) की चार पिस्टनचा, यावर एकमत होत नाही. सध्याच्या जुन्या वाद्यात वॉटर की (पाणी सोडायची छोटी झडप) दाबून पाणी काढले तरी गुडगुड चालूच राहते. काय करावे?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : हे पाणी म्हणजे मुख्यतः लाळ नव्हे, तर थंड धातूला लागून द्रवरूप झालेली श्वासातील वाफ असते, त्यामुळे आपल्या भागातील पावसाळी गारठ्यात ते अधिक साचते. बी-फ्लॅट या मूळ स्वराच्या ट्यूबाची नळी सुमारे १८ फूट लांब आणि वळणावळणाची असते, तर वॉटर की जेथे बसवलेली असते तेवढाच भाग तिच्यामुळे रिकामा होतो. म्हणून गुडगुड कोणत्या पिस्टनवर येते, ते आधी कानाने ओळखावे. एकही पिस्टन न दाबता ती येत असेल, तर पाणी मुख्य नळीत आहे; अशा वेळी वॉटर की उघडून, ओठ न थरथरवता हळू फुंकावे. केवळ पहिला पिस्टन दाबल्यावर येत असेल, तर पाणी त्याच्या स्लाइडमध्ये (ओढून काढता येणाऱ्या नळीत) आहे. तो पिस्टन दाबून ठेवूनच स्लाइड ओढावी, अन्यथा आतील हवेच्या ताणामुळे ती अडते किंवा ‘फट्’ असा आवाज करून सुटते. पिस्टनखालच्या टोपीतही पाणी उतरते, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

आता खरेदीविषयी. तीन पिस्टनच्या वाद्यात पहिला आणि तिसरा एकत्र दाबल्यास स्वर किंचित चढा लागतो, आणि तिन्ही दाबल्यास बराच चढा. चौथा पिस्टन एकटाच पाच अर्धस्वर उतरवतो, त्यामुळे खर्ज सुरात राहतो आणि आणखी खाली जाता येते. मात्र वजन वाढते आणि रिकामी करायची आणखी एक स्लाइडही. यामाहा कंपनीचेच उदाहरण घेतल्यास, वायबीबी-१०५ हे मॉडेल म्हणजे तीन पिस्टनचा, आटोपशीर ट्यूबा आहे, तर वायबीबी-३२१ हा चार पिस्टनचा आणि मोठा. वरातीतील गाण्यांचा बास सहसा इतका खाली जात नाही. म्हणून चालत वाजवणाऱ्या बँडने तीन पिस्टनवर समाधान मानावे, असे माझे स्पष्ट मत आहे. बसून मार्च किंवा प्रार्थनागीते वाजवायची असतील, तरच चौथ्यासाठी जास्त पैसे मोजावेत.

मिरवणुकाच अधिक असतील, तर खांद्यावर भार घेणाऱ्या सूझाफोनचाही (अंगाभोवती घालून वाजवायच्या ट्यूबाच्या प्रकाराचाही) विचार करावा. त्याच्या माउथपीसजवळचे (तोंडाला लावायच्या भागाजवळचे) सुटे तुकडे काढून झटकले की तेथील पाणी चालता चालताही निघते. जुने वाद्य घेताना प्रत्येक स्लाइड दुकानातच ओढून पाहावी आणि वॉटर कीचे बूच झिजलेले नाही ना, हेही तपासावे, कारण तेथून हवा गळू लागली की स्वर भरीव लागत नाही.