ग्राफिटी: भित्तिचित्र की विद्रूपीकरण?

एका अनुवादकाचा प्रश्न असा आहे: ‘सकाळी पुलाखालची भिंत ग्राफिटीने भरली होती’ या अर्थाच्या वाक्याच्या अनुवादात मी ‘भित्तिचित्रांनी’ लिहिलं, संपादकांनी ते ‘भिंतीचं विद्रूपीकरण झालं होतं’ असं बदललं. बरोबर कोण?

माझ्या मते दोघंही नाही. ‘भित्तिचित्र’ म्हटलं की कुणीतरी भिंत देऊन सावकाश काढून घेतलेलं चित्र डोळ्यांपुढे येतं. ‘विद्रूपीकरण’ तर सरळ आरोपच आहे. मूळ शब्दात यातलं काहीच नाही. इटालियनमध्ये ‘ग्राफियारे’ म्हणजे ओरखडणं. त्यावरून ‘ग्राफीतो’ आणि त्याचं अनेकवचन ‘ग्राफीती’. आपण अनेकवचन उचललं, ईकारान्त म्हणून स्त्रीलिंगी केलं, आणि ते रुळलंही.

ओरखडा तोच, निवाडा मात्र काळाप्रमाणे बदलतो. श्रीलंकेत सिगिरिया या प्राचीन कातळकिल्ल्याच्या आरसा-भिंतीवर साधारण ८व्या ते १०व्या शतकांतले प्रवासी कविता कोरून गेले. कड्यावर रंगवलेल्या स्त्रियांना पाहून सुचलेल्या ओळी, चुन्याच्या तुकतुकीत गिलाव्यावर, बारीक टोकाने. पुरातत्त्वज्ञ परणवितान यांनी १९५६ साली त्यातल्या ६८५ प्रसिद्ध केल्या. जुन्या सिंहलीच्या अभ्यासकांना ती खाणच मिळाली. त्याच भिंतीवर नाव कोरलं म्हणून २०१५ साली एका तरुणीला २ वर्षांची शिक्षा झाली. पुढे राष्ट्राध्यक्षांनी तिला माफी दिली.

ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्ये तर या भांडणाचे दोन शब्दच झाले. रंगीत चित्रांना ‘ग्राफीची’, आणि साओ पावलोच्या उंच इमारतींवर जिवावर उदार होऊन काढलेल्या काळ्या, टोकदार अक्षरांना ‘पिशासांव’. ‘पिशी’ म्हणजे डांबर, त्यावरून हा शब्द. १९९८च्या कायद्याच्या ६५व्या कलमात दोन्हींची क्रियापदं शेजारीशेजारी होती, दोन्ही गुन्हेच. २०११ साली त्यातलं ‘ग्राफिटी काढणं’ हे क्रियापद वगळलं आणि मालकाच्या संमतीने काढलेली कलात्मक ग्राफिटी गुन्हा नाही, असं स्पष्ट केलं. ‘पिशासांव’ मात्र गुन्हाच राहिला. एक क्रियापद गळलं आणि कलाकार सुटले, याचं मला फार अप्रूप वाटतं.

म्हणून ‘ग्राफिटी’च ठेवा. परवानगीने रंगवलेल्या भिंतीला ‘भित्तिचित्र’ खुशाल म्हणा, आणि मूळ लेखकच दोष देत असेल तिथे ‘विद्रूपीकरण’. तुमच्या वाक्यात तो फक्त भिंत दाखवतोय: ‘सकाळी पुलाखालची भिंत ग्राफिटीने भरली होती.’