दारव्ह्याकडे पहिलं घर घेताय? आधी एवढं बघा

भाऊ, घर घ्यायचा निर्णय चांगला आहे. नोकरीचं गाव असलं तरी आधी वर्षभर भाड्यानं राहा. मे महिन्यात नळाला किती दिवसांआड पाणी येतं, हे राहिल्याशिवाय कळत नाही.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते कागदांत. ग्रामपंचायतीचा नमुना आठ आणि घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे, ती कराची नोंद. गावठाणातलं घर असेल तर मूळ खरेदीखत मागा, स्वामित्व योजनेतली सनद, म्हणजे गावठाणातल्या घराच्या हक्काचा सरकारी कागद, निघाली असेल तर तीही. गावठाणाबाहेरचा प्लॉट असेल तर सातबारा, फेरफार (मालकी बदलल्याची नोंद) आणि एनएचा, म्हणजे जमीन बिगरशेती केल्याचा, आदेश मागा. सातबारावर 'भोगवटादार वर्ग 2' दिसलं, म्हणजे जमीन विकण्यावर सरकारी अटी आहेत; तिथे सरकारी परवानगीशिवाय व्यवहार नको. विकणाऱ्याच्या वारस बहिणी असतील तर त्यांची संमतीही लेखी घ्या.

मग भिंती. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरुमापर्यंत नेलेला नसेल तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर जाते, दारं अडकतात. नवा रंग दिला असेल तर जास्तच बारकाईनं बघा.

इसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, रोख देऊ नका. चेकनं द्या, लेखी करा. कर्ज, व्याजदर वगैरे नंतर बोलू.