ऊदवर पडदे का नाहीत?

प्रश्न : ऊद या अरबी तंतुवाद्यावर सतारीसारखे पडदे का नसतात? पूर्वी होते का?

जुन्या ग्रंथांत आहेत, निदान हिशेबापुरते तरी. नवव्या शतकात तत्त्वज्ञ अल-किंदीने आणि पुढे तसाच तत्त्वज्ञ अल-फाराबीने (मृत्यू ९५०) स्वरांतरांची गणितं मांडली ती ऊदच्या दांडीवरच : कुठल्या बोटाखाली तारेचा कितवा हिस्सा येतो, या रीतीने. त्यातली मधल्या बोटाची एक जागा बगदादचा वादक मन्सूर झलझल याच्या नावाने ओळखली जाते. फाराबी तिचं गुणोत्तर २७:२२ देतो. म्हणजे आपल्या कोमल आणि शुद्ध गंधाराच्या जवळजवळ मधोमध. पेटीवर शोधू नका, मिळणार नाही. रास्त मकामाचा (मकाम म्हणजे अरबी संगीतातला रागासारखा प्रकार) तिसरा स्वर आजही याच टापूत लागतो, पण कैरोत थोडा उतरता, इस्तंबूलला चढा. पडदा बांधला की ही मोकळीक गेली. स्पेनमार्गे युरोपात जाऊन याच वाद्याचा ल्यूट झाला, त्यावर मात्र पडदे राहिले.

प्रश्न : पाचवी तार झिरियाबने जोडली, हे खरं का?

झिरियाब हा बगदादकडचा गवई ८२२ मध्ये स्पेनमधल्या कोर्दोबाला पोहोचला. पाचवी तार आणि गरुडाच्या पिसाची नखी त्याच्या नावावर सांगतात. पण इतिहासकार अल-मक्करीच्या ज्या ग्रंथातून हे येतं तो सतराव्या शतकातला. शिवाय पाचव्या तारेचा विचार पूर्वेकडे अल-किंदीनेही केला होता. सगळं श्रेय एकट्याला देऊ नये.

प्रश्न : मस्कतहून आणलेल्या ऊदच्या तारा पावसाळ्यात दांडीपासून उंच झाल्या, खुंट्याही अडकतात. स्टीलच्या तारा लावू का?

मुळीच नको. तबली (पोटावरची लाकडी फळी) जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाड असते आणि घोडी (तारा जिला बांधतात ती पट्टी) तिच्यावर नुसती चिकटवलेली. स्टीलच्या ताणाने घोडी उखडते, कधी तबलीच खचते. नायलॉनच्या आणि वेटोळ्याच्या (वरून बारीक तार गुंडाळलेल्या), ऊदसाठीच्याच तारा घ्या. साधारण पाच जोड्या आणि खर्जाची एक, अशा अकरा.

उंची वाढली ती तबली दमट हवेने फुगल्यामुळे. दांडी पोटाला मिळते तिथे तारा सुमारे तीन मिलिमीटरवर असाव्यात. लगेच घासाघासी करू नका, हवा कोरडी झाली की बरंचसं उतरतं. तोवर ऊद ठेवायच्या पेटीत सिलिका जेल आणि आर्द्रतामापक ठेवा. ४५ ते ५५ टक्के ठीक. अडकणाऱ्या खुंटीला कोरडा साबण, सटकणारीला खडू. घोडीच्या मागच्या कडेखाली कागद सरकतोय का पाहा. सरकला तर तारा त्याच दिवशी सैल करा आणि कारागिराकडून सरसानेच चिकटवून घ्या. फेव्हिकॉल लावलात, तर पुढच्या वेळी घोडी तबलीचे टवके घेऊन निघेल.