जांबोटी-कणकुंबीत तंबूत राहून पक्षी बघायचे असतील तर

प्रश्न असा आहे: डिसेंबरअखेर दोन रात्री, सोबत आई-वडील आणि सात वर्षांची मुलगी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटी-कणकुंबीकडे, ग्लॅम्पिंगचा (पलंगासकट सगळ्या सोयींचा) तंबू घ्यायचा, आणि तिथूनच मोठ्या चोचीचा धनेशही बघायचा, घटप्रभा नदीकाठचे करकोचेही.

दोन्ही एका मुक्कामात बसवू नका. धनेश सह्याद्रीच्या दाट झाडीतला, तर करकोचे गोकाककडच्या उघड्या रानातले. जांबोटीहून घटप्रभेवरच्या धुपदाळ बंधाऱ्याला जाऊन-येऊन पाच तास तरी मोडतात, आणि तेही नेमके सकाळचे. धुपदाळच्या बंधाऱ्याचा फुगवटा (मागं साठलेलं पाणी) जानेवारीत बेळगावातून एक दिवस काढून वेगळा करा. करकोचे सकाळी कापणी झालेल्या शेतांत चरतात आणि ऊन चढलं की पाण्याकाठी येतात, त्यामुळे तिथं उशिरा पोचलात तरी चालतं. जंगलात मात्र उशीर अजिबात चालत नाही.

तंबू ठरवताना फोटोतला पलंग बघू नका, जागा विचारा. भाताची खाचरं आणि जंगल जिथं भेटतात, तिथला तंबू सगळ्यात चांगला. कापणी झालेल्या खाचरात मोर आणि वेडे राघू, आणि पलीकडच्या उंच झाडांवरून जाणारे धनेश, हे सगळं आई-वडिलांना पडवीत खुर्ची टाकून दिसतं. आवारात वड किंवा उंबर आहे का, आणि सध्या त्याला फळं आहेत का, हे मालकाला नक्की विचारा. फळांवर आलेलं एक झाड दहा किलोमीटर चालण्याला भारी पडतं.

नाश्त्याच्या वेळेवर बहुतेकांची सहल फसते. डिसेंबरअखेर इथं सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि पक्ष्यांची खरी गडबड साडेनऊपर्यंतच असते. अशा ठिकाणी नाश्ता बहुधा साडेआठला लागतो, म्हणजे ऐन वेळी माणसं टेबलाशी बसलेली. बुकिंग करतानाच ठरवून घ्या: साडेसहाला थर्मासमध्ये चहा आणि बिस्किटं, नाश्ता दहाला. रात्री दहानंतर माळेचे दिवे आणि स्पीकर बंद राहतील का, हेही तेव्हाच विचारा. दिवे विझले की रातवा (रात्री ओरडणारा एक पक्षी) आणि घुबड तंबूतूनच ऐकू येतात. मुलीला ते फार आवडेल.

तंबूच्या आतला ओलावा ही दुसरी नेहमीची तक्रार. रात्र गार असते. चौघांच्या श्वासातली वाफ थंड कापडाला लागून तिचं पाणी होतं आणि पहाटे अंथरुणावर ठिबकतं. म्हणून थंडी वाजते म्हणून सगळं बंद करू नका. समोरासमोरच्या दोन खिडक्यांचं कापड चार बोटं उघडं ठेवा, जाळी मात्र पूर्ण लावा. पलंग भिंतीच्या कापडाला टेकलेला नको. तंबू जमिनीवर नसून फूट-दीड फूट उंच चौथऱ्यावर असावा आणि डोक्यावर वाळकी फांदी नसावी. वडिलधाऱ्यांसाठी संडास तंबूला जोडलेलाच घ्या. रात्री आवारातून चालणं टाळायचं कारण साप तर आहेतच, शिवाय या भागात अस्वलं आहेत.

त्याच कारणासाठी पहाटे अंधारात जंगलात शिरू नका. नीट उजाडल्यावर, गावातला माहीतगार माणूस घेऊन निघा. गवा दिसला तर थांबा, मागं सरका, फोटोसाठी पुढं जाऊ नका. इथलं भीमगड हे 2011 साली जाहीर झालेलं, सुमारे 190 चौरस किलोमीटरचं अभयारण्य आहे. त्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही, रिसॉर्टवाला "चालतंय हो" म्हणाला तरी नाही.

डिसेंबरात जळवा नसतात, गोचिडी असतात, आणि त्या जास्त काळजीच्या. माकडताप त्यांच्यातून पसरतो; शेजारच्या दोडामार्ग तालुक्यात 2016 साली त्याची साथ आली होती. पूर्ण बाह्या, पँटचे पाय मोज्यांत खोचलेले, उघड्या अंगाला कीटकरोधक मलम. पाचोळ्यावर बसायचं नाही. मेलेलं माकड दिसलं तर लांबूनच वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. परत आल्यावर गरम पाण्यानं अंघोळ, आणि मुलीचे केस, कानामागे, काखा, गुडघ्यामागे तपासा. नंतरच्या आठवड्यात ताप आला तर जंगलात गेलो होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

दुर्बीण 8×42 ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची. 10×50 जड, हातात थरथरते, मुलीला तर पेलवतच नाही. आधी उजवं भिंग झाकून मधल्या चाकानं डावा डोळा जुळवा, मग डावं झाकून उजव्या भिंगाची कडी फिरवा. हे घरी करा. ऐन वेळी कर्णा (दाट झाडीतला एक रंगीत पक्षी) फांदीवर बसलेला असताना नव्हे. कर्णा तसा बराच वेळ हलत नाही, म्हणून दाट झाडीत चालण्यापेक्षा एका जागी वीस मिनिटं उभं राहिलेलं बरं. ओढ्याकाठी माणसासारखी शीळ आली तर तो मलबारी कस्तुर असू शकतो. पावसाळ्याइतका तो आता गात नाही, पण पाण्याजवळच्या खडकांवर नजर ठेवा.

मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलावू नका. तो आपली हद्द राखायला खाणं सोडून धावत येतो आणि उगाच दमतो.

तारीख पुढं ढकलता आली तर फेब्रुवारीअखेर या. काटेसावर आणि पळस फुलतात, पानगळीनं पक्षी उघडे दिसतात, आणि फुललेल्या सावरीसमोर नुसतं बसून आई-वडिलांची सकाळ छान जाते. तेव्हा धनेशाची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेऊन अंडी उबवत असते आणि नर चारा आणतो. माहीतगारानं ढोली दाखवायचं म्हटलं तरी जवळ जाऊ नका. माणूस दिसला की नर चारा न देताच परत फिरतो.