वाचकांचे प्रश्न : घाणेरी काढायची, पण कोणी, कुठे आणि कधी?

प्रश्न : आम्ही ठाण्यातील तीस-पस्तीस जण गेली दोन वर्षे रविवारी येऊरच्या पायथ्याशी श्रमदान करून घाणेरी तोडतो. दोन्ही वर्षी पावसाळ्यानंतर तीच झुडपे अधिक दाट होऊन उभी राहिली. आता इतर गटही सोबत येऊ इच्छितात. या सर्वांच्या कामाचा मेळ कसा घालावा? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आपल्या पत्रात ‘तोडतो’ हा शब्द आला आहे आणि अडचणीचे मूळ बहुधा तिथेच आहे. घाणेरीला, म्हणजे टणटणी या परदेशातून येऊन जंगलभर पसरलेल्या झुडपाला, खोड आणि मूळ जिथे जुळतात त्या भागातून नवे धुमारे येतात. त्यामुळे कोयत्याने वरून छाटलेले झुडूप मरत नाही, उलट एका खोडाची पाच होतात. दिल्ली विद्यापीठातील सी. आर. बाबू यांनी रूढ केलेल्या पद्धतीत मुख्य मूळ जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर कुदळीने तोडतात आणि संपूर्ण झुडूप उलटे करून ठेवतात, म्हणजे मुळांना पुन्हा माती मिळत नाही. पिकलेली काळी-जांभळी फळे असतील तर ती मात्र आधी वेगळी करावीत, कारण बुलबुलांसारखे पक्षी ती खाऊन बिया दूरवर नेतात.

आता समन्वयाविषयी. येऊर हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे परिक्षेत्र आहे आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय कोणतीही वनस्पती काढता येत नाही. ती परदेशी असली तरी नाही. म्हणून पहिली बैठक गटांची आपसांत नव्हे, तर वनक्षेत्रपालांसोबत व्हावी आणि कोणत्या नियतक्षेत्रात (वनरक्षकाच्या बीटमध्ये), कोणत्या महिन्यांत, किती माणसे काम करतील, हे लेखी ठरावे. प्रत्येक गटाला नकाशावर आखलेला एकच तुकडा द्यावा आणि तो निदान तीन वर्षे त्याच्याकडेच ठेवावा. दर रविवारी नवी जागा निवडण्याची हौस सुटत नाही, हे मी जाणून आहे, परंतु बियांतून आलेली रोपे उपटायला कोणी परत गेले नाही, तर पहिल्या दिवसाचे श्रम वाया जातात. नोंदवहीत तारीख, तुकड्याचा क्रमांक, काढलेली मोठी झुडपे आणि पुन्हा जाण्याचा महिना एवढे लिहिले तरी पुरे. छायाचित्रे दरवेळी त्याच दगडावर उभे राहून काढावीत.

सुरुवात सर्वांत दाट जाळीपासून करण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. जिथे ऐन, कुडा, धायटी अजून तग धरून आहेत आणि घाणेरी विरळ आहे, तिथून आरंभ करावा आणि हळूहळू दाट भागाकडे सरकावे, म्हणजे मोकळी झालेली जागा शेजारची देशी झाडे स्वतःहून भरून काढतात. ओढ्याच्या काठी वरून खाली यावे, कारण पाण्यासोबत बियाही खाली येतात. मोठी झुडपे उतारावर भर पावसात उपटू नयेत, माती वाहून जाते. रोपे मात्र जून-जुलैत ओल्या मातीतून हाताने सहज निघतात.

प्रत्येक तुकडीत झाडे ओळखणारी एक तरी व्यक्ती असलीच पाहिजे. भारंगीची पाने घाणेरीसारखीच समोरासमोर आणि दातेरी असतात, आणि उत्साही स्वयंसेवकाने ती उपटली, तर पाड्यावरची पावसाळी भाजी जाते. घाणेरीच्या चौकोनी खोडाला बारीक काटे असतात आणि चुरगळलेल्या पानाला उग्र वास येतो. ही ओळख पाड्यांतल्या वारली स्त्रियांना आपल्यापेक्षा चांगली असते. त्यांना मजूर म्हणून नव्हे, तर मार्गदर्शक म्हणून मोबदला देऊन बोलवावे. काढलेला पाला जाळू नये. कर्नाटकातील मलेमहादेश्वर टेकड्यांत सोलिग आदिवासी कारागीर घाणेरीच्या काठ्यांपासून फर्निचर बनवतात; आपल्याकडे राष्ट्रीय उद्यानातून काही बाहेर नेण्यासाठी वेगळी परवानगी लागेल, हे त्याच बैठकीत विचारून घ्यावे.

प्रश्न : खारघरच्या टेकडीवर घाणेरीपेक्षा रानमोडीच जास्त दिसते. तिलाही हीच पद्धत चालेल का? (एक वाचक, नवी मुंबई)

उत्तर : मुळापासून काढण्याचे तत्त्व तेच, वेळापत्रक मात्र वेगळे. रानमोडी या दुसऱ्या परदेशी तणाला हिवाळ्यात फिकट जांभळट-पांढरी फुले येतात आणि नंतर तिच्या हलक्या, केसाळ बिया वाऱ्यावर उडतात. त्यामुळे ती फुलण्याआधी, पावसाळा सरता-सरता, माती मऊ असतानाच काढावी. फेब्रुवारीत हात घातला तर आपणच बिया टेकडीभर उधळतो. कपड्यांना आणि बुटांना चिकटलेल्या बिया तिथल्या तिथे झाडून घ्याव्यात. मात्र आधी जमीन वन विभागाची की सिडकोची, याची खात्री करून त्यांच्याकडूनच परवानगी घ्यावी. टेकडी एकच दिसत असली तरी मालक एकच असेल, असे नाही.