जुनी मारुती ८०० ट्रॅफिकमध्ये गरम होते? आधी फॅन बघ

भावा, गाडी हायवेला थंड राहते आणि सिग्नलला थांबलं की तापमानाचा काटा वर चढतो म्हणतोस ना, मग लगेच हेड गॅस्केटचा (इंजिनच्या ब्लॉक आणि हेडमधलं सील) खर्च करू नकोस, पळताना समोरून वारा लागतो म्हणून भागतं, थांबल्यावर सगळी भिस्त रेडिएटरच्या फॅनवर असते. आधी फ्यूज बघ, मग फॅनचं कनेक्टर काढून बॅटरीवरून डायरेक्ट करंट दे. फिरला तर मोटर ठीक, मग रिले (फॅनला करंट जोडणारा स्विच) आणि थर्मोस्विच (पाणी तापलं की फॅन चालू करणारा) तपास, नाही फिरला तर मोटरच गेली. माझ्या वेळी एका गॅरेजवाल्याने न बघता गॅस्केट बदललं आणि गाडी तशीच तापत राहिली, फार जीव जळला होता.

रेडिएटरचं झाकण इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय उघडायचं नाही, खरंच सांगतोय, उकळतं पाणी तोंडावर येतं. नळाचं पाणी टाकू नको, आत गंज आणि क्षार धरतात, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं अर्धं टाक.

आणि टायमिंग बेल्ट (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर चालवणारा रबरी पट्टा) कधी बदललाय ते आधीच्या मालकाला माहीत नसेल तर बदलूनच घे, रबर वयानेही जातं. गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकवर विसंबू नको, स्टँड लाव. फॅनचं काय निघालं ते कळव.