वाळूचा चुनखडक कसा होतो, आधी हे बघ

अरे, 'दाबामुळेच दगड होतो' हे डोक्यातून काढ आधी. उथळ उबदार समुद्रात कार्बोनेटची वाळू (शिंपले-प्रवाळांचा चुरा वगैरे) वर काही ओझं नसतानाही तळावरच घट्ट होते, कारण तिथलं पाणी कॅल्शियम कार्बोनेटने अतिसंपृक्त (मावेल त्याहून जास्त विरघळलेलं) असतं आणि लाटा, भरती-ओहोटी ते पाणी दाण्यांमधल्या फटींतून सारखं ढकलत राहतात, मग दाण्यांवर अ‍ॅरागोनाइटच्या सुया नाहीतर मॅग्नेशियमवालं कॅल्साइट वाढतं (दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटचेच स्फटिक), तेच दाणे जोडणारं सिमेंट. वाळू सतत लोळत असेल तर मात्र सिमेंट धरत नाही. पर्शियन आखातात असे कडक तळ हल्लीच्या काळातले आहेत, आणि बीचरॉकमध्ये (किनाऱ्यावरच्या वाळूचा असाच झालेला दगड) तर काचेच्या बाटल्या अडकलेल्या सापडल्यात, म्हणजे काही दशकांचं काम!

आपल्या ठाण्यात सगळा बेसॉल्ट, त्याच्या पोकळ्यांतलं पांढरं कॅल्साइट बघून फसू नकोस, तो चुनखडक नव्हे. पोरबंदर दगडाचा, म्हणजे सौराष्ट्रातल्या चुनखडकाचा, तुकडा मिळव, मुंबईच्या जुन्या इमारतींत तो भरपूर वापरलाय. किंचित ओला करून दहापट भिंगाखाली धर, गोल गोल दाणे सुटे दिसतील. पुढे पातळ छेद (सूक्ष्मदर्शकाखाली बघायची दगडाची पातळ चकती) बघशील तेव्हा सिमेंट कुठे बसलंय तेच बघ: दाण्याभोवती सगळीकडून सारख्या जाडीचं असेल तर फटी पाण्याने भरलेल्या होत्या, फक्त दाणे टेकतात तिथेच असेल तर आत हवाही होती.